चूक कोण काढणार? सहाध्यायी मूल्यमापनाची जुनी गोष्ट

महाराष्ट्रातल्या शिक्षकांना आकारिक मूल्यमापनाची आठ साधनं तोंडपाठ असतात. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि शेवटी ‘इतर’. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हा या ‘इतर’मध्ये एक शब्द येऊन बसला, सहाध्यायी मूल्यमापन. म्हणजे मुलांनी मुलांचं काम तपासणं. पुढे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर प्रगतिपत्रकातच स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापन असावं, असं म्हटलं. आता प्रशिक्षणांतून त्यासाठीची डिजिटल साधनं दाखवली जातात. मुलाने निबंध टाकायचा, संगणकाने तो नाव झाकून दुसऱ्या तीन मुलांकडे पाठवायचा, त्यांनी अभिप्राय द्यायचा.

दाखवणारे ही कल्पना परदेशातून आलेली, नवीकोरी म्हणून सांगतात. ऐकणारे ती ‘आणखी एक काम’ म्हणून ऐकतात. दोघांनाही या कल्पनेचा इतिहास माहीत नसतो. तो माहीत असता तर पहिल्यांनी तिचं इतकं कौतुक केलं नसतं आणि दुसऱ्यांनी तिला इतक्या सहज बाजूला सारलं नसतं. कारण मुलांच्या हाती तपासणी देण्याचा प्रयोग याआधी मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. तो कशाने उभा राहिला आणि कशाने पडला, हे लिहून ठेवलेलं आहे.

ओसरीवरची चार मुलं

पिएत्रो देल्ला वाल्ले हा इटालियन प्रवासी १६२३ साली गोव्याहून निघाला. इक्केरीच्या नायकाकडे पोर्तुगिजांचा वकील चालला होता, त्याच्यासोबत हाही होता. घाटात सामानाची बांधाबांध होईपर्यंत तो एका देवळाच्या ओसरीवर थांबला. तिथे चार लहान मुलं अंक शिकत बसली होती. जमिनीवर बारीक वाळू पसरलेली. एक मुलगा सुरात एक ओळ म्हणायचा आणि म्हणता म्हणता ती बोटाने वाळूत लिहायचा. बाकीचे तिघे त्याच सुरात तेच म्हणत, तेच लिहीत. जागा भरली की वाळू पुसून पुन्हा पसरायची.

देल्ला वाल्लेला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. गुरुजी कुठे दिसत नव्हते. त्याने मुलांना विचारलं की तुम्ही सगळेच शिकणारे, मग कुणी विसरलं किंवा चुकलं तर दुरुस्त कोण करतं? मुलांच्या उत्तराचा अर्थ असा होता की चौघेही एकाच वेळी एकाच ठिकाणी चुकतील, असं होणं शक्यच नाही.

आजची संगणकीय साधनं एक निबंध एकाऐवजी तीन-चार मुलांकडे पाठवतात, ती याच हिशेबावर. एकटं मूल चुकेल. चार जणांची चूक एकाच जागी पडणं अवघड. इथे आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. त्या ओसरीवर कुणी कुणाला गुण देत नव्हतं. दुसऱ्याचं ऐकणं, त्याच्याशी आपलं ताडून पाहणं, हाच अभ्यास होता. तपासणं आणि शिकणं ही दोन वेगळी कामं झाली नव्हती.

मुईद, तकरार आणि मुकाबला

मदरशांच्या परंपरेत हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. बगदादचा मुस्तन्सिरिया मदरसा १२३४ साली सुरू झाला. तिथे फिकहच्या चारही मजहबांची सोय होती. प्रत्येक मजहबासाठी ६२ विद्यार्थी, एक मुदर्रिस आणि चार मुईद. मुईद म्हणजे पुन्हा सांगणारा. उस्तादांचा धडा संपला की तो विद्यार्थ्यांकडून पुन्हा म्हणवून घ्यायचा, अडलेलं सोडवायचा. उस्ताद आणि शागीर्द यांच्यामधली ही पायरी होती.

आपल्याकडच्या मदरशांत आजही ‘तकरार’ चालते. उर्दूत एरवी या शब्दाचा अर्थ भांडण किंवा वाद, पण मूळ अर्थ पुन्हा पुन्हा करणं. दिवसभराचे धडे झाले की चार-पाच मुलं घोळका करून बसतात. एक जण उस्तादांसारखा धडा समजावून सांगतो, बाकीचे त्याला अडवतात. ज्याला धडा सांगायचा असतो त्याची तयारी सगळ्यांत पक्की होते, हे मदरशात राहिलेल्या कुणालाही विचारून पाहावं. जुन्या मकतबांत मौलवींच्या हाताखाली धाकट्यांचा धडा घेणारा थोरला मुलगा ‘खलीफा’ म्हणवला जायचा.

तिसरा शब्द ‘मुकाबला’. आज तो ऐकला की कुस्ती किंवा क्रिकेट आठवतं. हदीसच्या विद्यार्थ्यांसाठी मुकाबला म्हणजे आपली हस्तलिखित प्रत दुसऱ्या प्रतीशी समोरासमोर ठेवून ताडणं. एकाने वाचायचं, दुसऱ्याने आपल्या प्रतीवर बोट ठेवून ऐकायचं, फरक दिसला की थांबायचं. जिथवर ताडून झालं तिथे समासात खूण करायची. असं न ताडलेल्या प्रतीवर जाणकार विसंबून राहत नसत. या मुकाबल्यात कुणी जिंकत नव्हतं. दोघांच्याही प्रती शुद्ध होत होत्या.

एग्मोरचा प्रयोग

अँड्र्यू बेल हा स्कॉटलंडचा पाद्री १७८७ साली हिंदुस्थानात आला. १७८९ पासून मद्रासजवळच्या एग्मोर इथल्या अनाथाश्रमाची जबाबदारी त्याच्याकडे होती. गोऱ्या सैनिकांची आणि बहुतांशी हिंदी आयांची ही मुलं. बेलच्या तक्रारीनुसार शिक्षक कामचुकार होते. एके दिवशी त्याने एका मलबारी शाळेत मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना पाहिली. हे आपल्याकडे करा म्हणून त्याने शिक्षकांना सांगितलं. त्यांनी मनावर घेतलं नाही. तेव्हा त्याने जॉन फ्रिस्केन नावाच्या आठ वर्षांच्या एका मुलाला धाकट्यांच्या वर्गावर बसवलं. मुलाला जमलं. मग एकेक करत सगळी शाळाच मुलांच्या हाती गेली. थोरल्यांनी धाकट्यांना शिकवायचं, त्यांचं म्हणणं ऐकायचं, चुका काढायच्या. वर्गात एकाने चूक केली आणि दुसऱ्याने ती दुरुस्त केली, की दुसऱ्याने त्याची जागा घ्यायची.

बेल १७९६ साली परतला आणि १७९७ साली त्याने या प्रयोगावर छोटं पुस्तक काढलं. इंग्लंडमध्ये हीच ‘मद्रास पद्धत’ झाली. ही उसनवारी खुद्द कंपनी सरकारलाही ठाऊक होती. ३ जून १८१४ च्या खलित्यात संचालकांनी बंगाल सरकारला लिहिलं की, इथल्या गावगुरुजींची पूर्वापार शिकवण्याची रीत बेलने आमच्या देशात नेली, यापेक्षा तिचा मोठा गौरव कोणता? धरमपाल यांनी १९८३ साली ‘द ब्यूटिफुल ट्री’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा हा सगळा कागदोपत्री पुरावा पुन्हा लोकांसमोर आला.

मात्र या गौरवाने हुरळून जाण्याचं कारण नाही. आपल्या त्या गावशाळांत मुली जवळपास नव्हत्याच आणि ज्यांना अस्पृश्य ठरवलं होतं त्या मुलांना बहुतेक ठिकाणी दार बंद होतं. ओसरीवरचे चौघे एकमेकांच्या चुका काढत होते. पण ओसरीवर बसायला कुणाला मिळतं, हा प्रश्न त्यांच्या हातात नव्हता.

स्वस्त शाळेचं यंत्र

इंग्लंडमध्ये या पद्धतीला दुसरा वाली मिळाला. जोसेफ लँकेस्टर या क्वेकर तरुणाने १७९८ साली लंडनच्या साउथवर्क भागात गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली. तो म्हणे, एकच शिक्षक १००० मुलांची शाळा चालवू शकतो. मोठं दालन, बाकांच्या रांगा, प्रत्येक रांगेला एक मॉनिटर. मॉनिटरने शब्द सांगायचा, मुलांनी पाटीवर लिहायचा, पाट्या वर करायच्या, मॉनिटरने तपासायच्या. बरोबर आलं तर बिल्ला, तिकीट, खेळणं. शिस्त मोडली तर गळ्यात लाकडाचा ओंडका. काहींना तर टोपलीत बसवून छताला टांगलं जायचं.

बेल आणि लँकेस्टर यांच्या अनुयायांत ही पद्धत मुळात कुणाची यावरून मोठं भांडण जुंपलं. बेलच्या मागे इंग्लंडचं चर्च उभं राहिलं आणि १८११ साली नॅशनल सोसायटी निघाली. दुसऱ्या बाजूने ब्रिटिश अँड फॉरेन स्कूल सोसायटी. पण दोन्ही बाजूंना ही पद्धत आवडण्याचं कारण एकच होतं, ती स्वस्त होती. पगार एका शिक्षकाचा, काम मुलांकडून. १८२० च्या दशकात हीच पद्धत मुंबईत बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळांसाठी लँकेस्टरच्या नावाने आणली गेली. मलबारी शाळेतून एग्मोर, एग्मोरहून लंडन, लंडनहून मुंबई असा प्रवास करून जुनी गोष्ट नव्या लेबलाने आपल्याच दारात आली.

या प्रवासात तिचा जीव कुठे गेला? एग्मोरमध्ये मुलगा मुलाला शिकवत होता. लँकेस्टरच्या दालनात मॉनिटर फक्त बरोबर-चूक सांगणारं चाक झाला. ‘पाटीवरचा शब्द चुकला’ एवढं त्याला कळायचं. का चुकला हे त्यालाही कुणी सांगितलेलं नव्हतं, मग तो दुसऱ्याला काय सांगणार? पाठांतर झालं, समज आली नाही, अशी टीका वाढत गेली. १८४६ साली के-शटलवर्थ यांनी इंग्लंडमध्ये ‘प्युपिल टीचर’ योजना आणली. त्यात थोरल्या विद्यार्थ्याला पाच वर्षं उमेदवारी, शिकवण्याचं रीतसर प्रशिक्षण आणि विद्यावेतन होतं. मॉनिटरांचं युग तिथून ओसरलं. आपल्या वर्गात मागे उरला तो नुसता ‘मॉनिटर’ हा शब्द. तो आता फळ्यावर बडबड करणाऱ्यांची नावं लिहितो.

अनोळखी परीक्षक

यानंतर आली लेखी परीक्षा. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक झाली. उत्तरपत्रिका तपासणारा आता अनोळखी होता. आज आपण परीक्षेला कितीही नावं ठेवोत, तिच्या बैठक क्रमांकाने एक मोठं काम केलं आहे. आपल्या देशात वहीवरचं नाव सगळं सांगून टाकतं. जात, धर्म, बाई की पुरुष, कधी कधी मोहल्लासुद्धा. ज्यांची नावं परीक्षकाच्या कपाळावर आठी आणू शकतात, त्यांच्यासाठी तो सहा-सात आकडी क्रमांक हे एक पांघरूण आहे. बोर्डाच्या निकालात एखाद्या वस्तीतली मुलगी पुढे येते, त्यात तिच्या मेहनतीसोबत या पांघरुणाचाही वाटा असतो.

पण परीक्षेने एक गोष्ट हिरावूनही घेतली. परीक्षक उत्तर देत नाही. तो आकडा देतो. निबंधाला १० पैकी ६ मिळाले, चार कुठे गेले हे मुलाला कधीच कळत नाही. ओसरीवर बोलणं होतं, पण पांघरूण नव्हतं. परीक्षेत पांघरूण आलं आणि बोलणं गेलं.

वर्गातल्या वर्गात वह्यांची अदलाबदल करून तपासणं चालू राहिलं, पण तिथेही बोलणं नव्हतं, फक्त आकडा होता आणि तोही सगळ्यांदेखत. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या ओवासो इथल्या एका आईने यावर थेट न्यायालय गाठलं. मुलं एकमेकांचे पेपर तपासत आणि गुण मोठ्याने सांगत. माझ्या मुलांची मानहानी होते, असं तिचं म्हणणं. फेब्रुवारी २००२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने शाळेच्या बाजूने निकाल दिला. शिक्षकाच्या नोंदवहीत चढण्याआधी असे गुण म्हणजे कायद्याने जपायची शैक्षणिक नोंद ठरत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. कायद्याचा प्रश्न तिथे मिटला. ‘तीन गुण!’ असा पुकारा झाल्यावर खाली गेलेल्या मानेचा प्रश्न कोणत्याही न्यायालयात मिटत नाही.

संगणकाने काय जोडलं

१९९० च्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक ऑर्व्हिल चॅपमन आणि सहकाऱ्यांनी ‘कॅलिब्रेटेड पिअर रिव्ह्यू’ नावाची प्रणाली तयार केली. विज्ञानाच्या मोठ्या वर्गांत मुलांकडून लेखन करून घ्यायचं, पण तपासायला माणसं नाहीत, ही अडचण. या प्रणालीत विद्यार्थी आधी आपला लेख देतो. मग त्याला तीन नमुना लेख तपासावे लागतात, ज्यांचे गुण शिक्षकांनी आधीच ठरवलेले असतात. त्याची नजर शिक्षकांच्या नजरेशी जुळते का, हे पाहिलं जातं. त्यानंतरच त्याच्यासमोर तीन सहाध्यायांचे लेख येतात, नावाशिवाय. आणि सगळ्यांत शेवटी त्याने स्वतःचाच लेख तपासायचा असतो.

लँकेस्टरच्या दालनात जे नव्हतं ते इथे आलं, तपासणाऱ्याला आधी तपासायला शिकवणं. परीक्षेत होतं तेही आलं, नाव झाकणं. आणि ओसरीवरचं तेही आलं, एकाऐवजी अनेकांनी पाहणं. मूडल या मोफत प्रणालीतला ‘वर्कशॉप’ हा भाग आणखी एक पाऊल पुढे जातो. तिथे दोन वेगळे गुण मिळतात. एक आपल्या लेखाचे, दुसरे आपण दुसऱ्याचं काम कसं तपासलं त्याचे.

संशोधनही याच दिशेने बोलतं. अमेरिकेत इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्या ९१ विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एका गटाने फक्त दुसऱ्यांचे निबंध पाहून अभिप्राय देण्याचा सराव केला, दुसऱ्या गटाने फक्त मिळालेले अभिप्राय वापरण्याचा. देणाऱ्यांचं स्वतःचं लेखन घेणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारलं. २०१० सालच्या दुसऱ्या एका प्रयोगात एका तज्ज्ञाच्या अभिप्रायापेक्षा सहा सहाध्यायांच्या अभिप्रायाने मुलांनी आपलं लेखन अधिक चांगलं दुरुस्त केलं. तकरारीतला तो धडा सांगणारा मुलगा आणि ओसरीवरचे ते चौघे, दोघांचीही साक्ष प्रयोगशाळेतून आली.

पण लँकेस्टरही परत आलाच. २०१२ साली ‘कोर्सेरा’ सुरू झालं आणि एकेका अभ्यासक्रमाला हजारो लोक बसू लागले. स्टॅनफर्डच्या एका डिझाइनच्या अभ्यासक्रमात त्याच वर्षी सहाध्यायांकडून गुणदान सुरू झालं. तिथे नमुन्यावर सराव वगैरे काळजी घेतली होती. तरी मूळ हिशेब ओळखीचा आहे, शिकवणारा एक, शिकणारे हजारो, तेव्हा तपासणी शिकणाऱ्यांनीच करावी. आपल्याकडे जिथे शिक्षकांच्या जागा भरल्या जात नाहीत, तिथे कुणालाही असा हिशेब सुचू शकतो. म्हणून डिजिटल साधनाकडे पाहताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा. याने मुलाचं शिकणं वाढणार आहे, की एक पगार वाचणार आहे?

आपल्या वर्गात

उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवताना या इतिहासाचा उपयोग रोज होतो. उर्दू लिपीत ‘ण’ आणि ‘ळ’साठी अक्षर नाही. त्यामुळे मुलं ‘पानी’ आणि ‘शाला’ लिहितात. किताब स्त्रीलिंगी असते म्हणून ‘ती पुस्तक चांगली आहे’ लिहितात. नपुंसकलिंग त्यांच्या घरच्या भाषेत नाहीच. लाल शाईने पन्नासदा दुरुस्त केलं तरी मुलगा वही मिटून टाकतो. दुसऱ्याच्या वहीत तोच ‘पानी’ त्याला स्वतःला सापडला, की तो थांबतो, फळ्याकडे बघतो आणि गुपचूप आपल्या वहीकडे वळतो.

त्यासाठी महागडं काही लागत नाही. मी स्वतः एक परिच्छेद लिहिते, मुद्दाम चुका पेरून. सगळा वर्ग मिळून तो तपासतो. हा आमचा नमुना लेख. मग ‘अ’ तुकडीच्या वह्यांच्या पानांचे फोटो, नावाच्या जागी क्रमांक टाकून, शाळेच्या टॅबवर ‘ब’ तुकडीपुढे जातात, कारण आपल्याच तुकडीत अक्षर ओळखलं जातं आणि क्रमांकाचा उपयोग राहत नाही. मुलांच्या घरी फोन बहुधा एकच असतो आणि तो अब्बूंबरोबर कामावर गेलेला असतो, म्हणून हे काम शाळेतच. प्रत्येक पान तीन जण पाहतात. प्रश्न दोनच असतात. यातलं कोणतं वाक्य तुला आवडलं? आणि कोणतं एक वाक्य तू वेगळं लिहिशील, ते लिहून दाखव. गुण नाहीत. गुण दिले की मुलं मैत्री आणि भांडणं मोजू लागतात. तिघांनी एकाच शब्दावर बोट ठेवलं तर तो मी फळ्यावर घेते. तिघांचं तीन दिशांना गेलं तर तिथे शिकवायला मीच हवी असते.

म्हणजे शिक्षकाचं काम कमी होत नाही, बदलतं. नमुना तयार करणं, क्रमांक टाकणं, अभिप्राय वाचणं, कुणी टोचून लिहिलं तर ते थांबवणं. मुस्तन्सिरियात ६२ विद्यार्थ्यांमागे चार मुईद होते, पण म्हणून मुदर्रिसाची जागा कुणी रद्द केली नव्हती. ज्यांनी रद्द केली, त्यांच्या दालनात पाट्या भराभर वर झाल्या आणि मुलं शिकली नाहीत.

मूल्यमापन नोंदवहीतल्या त्या ‘इतर’ रकान्यात वर्षअखेरीला एका बैठकीत आकडे भरता येतात आणि अहवालही पूर्ण होतो. त्याच रकान्यात एखाद्या मुलीने अनोळखी क्रमांकाला लिहिलेलं एक वाक्यही बसू शकतं, ‘इथे पाणीतला ण लिहायचा, मीपण हेच चुकत होते.’ असं वाक्य मिळालं, तर ते लिहिणारी शिकली आणि वाचणाराही शिकला.